मोकळी जागा

वडील आता थकले, म्हणून गेल्या वर्षी भाऊबीजेची ओवाळणी घेऊन आत्याकडे मी गेलो. तिचे गाव लोहाऱ्याच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते भूकंपात पडले आणि पुढे दुसऱ्या जागी वसले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून अशी ५२ गावे नव्या जागी वसविली गेली.

जुने गाव मला आठवते. माळवदाची दगडी घरे, वाकड्या बोळी आणि पारावरचा पिंपळ. पण त्याच माळवदांनी झोपेतली माणसे गाडली. तेव्हा जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. नवी घरे भक्कम, रस्ते सरळ आणि रुंद. उणे एवढेच, की आत्याच्या गावच्या नकाशात सावली कोणी काढलीच नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात बायका एकमेकींना विचारीत, "बसायचं कुठं?" मग ज्याने त्याने दारापुढे लिंब लावला. आत्याने भांड्यांच्या धुवणावर दोन वाढविले. आज तिचे अंगण साळुंक्यांनी भरलेले असते.

फराळ करताना मी आमच्या धाराशिवच्या कॉलनीची बातमी दिली. मोठ्या ले-आउटमध्ये नियमाने १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमच्या त्या जागेत एक म्हातारा लिंब आहे. तो काढून सिमेंटचे ब्लॉक बसवावेत, म्हणजे मोटारी उभ्या करता येतील, असा ठराव झाला होता. शहरातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते. त्या अर्जावर माझीही सही होती.

"मोकळी कशी रं?" आत्या म्हणाली, "लिंब हाय की तिथं."

वर्षानुवर्षे मराठी शिकविणाऱ्या मला 'मोकळी' या शब्दाचा अर्थ चकलीच्या ताटावर कळला! परत आल्यावर ती जागा नीट पाहिली. सावलीत इस्त्रीवाल्याची गाडी, आजोबांची खुर्ची, पोरांच्या गोट्या, फांदीवर खारी. शिवाय पावसाचे पाणी मुरते तेही तिथेच, बाकी सारे फरशीवरून गटारात जाते. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात याहून अधिक काय सांगावे?

मी सही मागे घेतली. शेजारी हसले, पण मागोमाग दोघांनी आपल्याही सह्या काढून घेतल्या, आणि अर्ज तिथेच राहिला. या दिवाळीला लिंब जागेवर आहे. पुढच्या दिवाळीची हमी मात्र मी देत नाही. कॉलनीत आणखी चार मोटारी आल्या आहेत, आणि त्यांतली एक माझी आहे.