मनाचे दुखणे दुभाष्यामार्फत कसे सांगायचे?

शेताचा उतारा कन्नडमध्ये हाती पडला, तर आपण तो शेजारच्या पोराकडून वाचून घेतो. बसची पाटी कळली नाही तर कंडक्टरला विचारतो. या अन्यायाविरुद्ध आम्ही लिहीत आलो आहोत, पुढेही लिहू. पण ‘जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, जगणं नकोसं झालंय’ हे सांगायला शेजारच्या पोराला मध्ये कसे घ्यायचे?

मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी निपाणीची बाई दवाखान्यात जाते ती अंगदुखीची आणि झोप लागत नसल्याची तक्रार घेऊन. तिला सुई मिळते, ताकदीच्या गोळ्या मिळतात. तिच्याशी अर्धा तास कोणी बोलत नाही. दोष आपलाही आहे. ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणून आपण नाक मुरडतो आणि देवऋष्याच्या दारात मात्र मुकाट्याने रांग लावतो.

बोलून बरे वाटते, ही भाबडी समजूत नव्हे. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतच त्याची रीतसर चाचणी घेतली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष डिसेंबर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. तीव्र नैराश्याचे ४९५ प्रौढ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटींचे समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे होती. सुटलेली कामे, तुटलेल्या गाठीभेटी हळूहळू पुन्हा सुरू करायला ती मदत करीत. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतील ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातील ३९ टक्के.

स्थानिक माणसे, म्हणजे रुग्णाचीच भाषा बोलणारी. आमचा मुद्दा इथेच आहे.

ज्याला परवडते तो कोल्हापूर गाठतो. पण हातावर पोट असलेल्याने सहा-आठ भेटींसाठी तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवायची का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देते. कलम २२ नुसार आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला समजेल त्या भाषेत मिळाली पाहिजे. ही कोणाची मेहरबानी नव्हे. संसदेचा कायदा आहे, आणि तो बेळगाव जिल्ह्यालाही लागू आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. सीमाभागातील प्रत्येक सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी सुईबरोबर ‘झोप का लागत नाही?’ हेही विचारावे, गरज दिसली तर समुपदेशकाकडे चिठ्ठी द्यावी, आणि त्या खोलीत मराठी बोलणारे माणूस बसलेले असावे. आशा कार्यकर्त्यांना मराठीतून प्रशिक्षण द्यावे. कन्नड भाषकांच्या सोयीत यामुळे काडीचाही फरक पडत नाही.

तोवर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक घराघरांत लिहून ठेवावा. २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, आणि तिथे मराठी भाषा निवडता येते. मागणीचे निवेदन आम्ही तयार केले आहे. सह्यांसाठी कार्यकर्ते या महिन्यात गल्लोगल्ली येतील. विडी वळणाऱ्या भगिनींच्या सह्या आधी घ्या, असे त्यांना सांगितले आहे.