'एम्डेन'चे ऋण आणि आख्यायिका

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास मद्रास बंदराचे दिवे नेहमीप्रमाणे उजळलेले होते. अंधारातून 'एम्डेन' ही जर्मन युद्धनौका पुढे सरकली आणि तिने बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर तोफा डागल्या. जेमतेम अर्ध्या तासात सव्वाशेच्या आसपास गोळे! टाक्या भडकल्या, हजारो लोक शहर सोडून निघाले. सागरावर आपलेच राज्य, अशी मिजास मिरवणाऱ्या साम्राज्याला युद्धकाळात बंदराचे दिवे मालवण्याचेही भान राहिले नव्हते. हानी तशी मर्यादितच. पण इंग्रजांच्या अजिंक्यत्वाला गेलेला तडा अवघ्या हिंदुस्थानने पाहिला.

कप्तान कार्ल फॉन म्युलर याने दोन-तीन महिन्यांत वीसहून अधिक व्यापारी जहाजे पकडली. बुडवण्यापूर्वी तो त्यांवरील खलाशांना सुखरूप उतरवून घेई. खोटे चौथे धुरांडे उभारून तो पेनांगमध्ये शिरला आणि तेथे 'झेमचुग' ही रशियन क्रूझर त्याने बुडवली. अखेर ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने एम्डेनला गाठले.

क्रांतिकारक चंपकरमण पिल्लै या नौकेवर होते, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. त्याला आधार नाही. ते तेव्हा युरोपात कार्यरत होते. त्यांच्या खऱ्या कार्याला अशा उसन्या तेजाची गरज काय? म्युलर लढला तो कैसरसाठी. त्याच्या शौर्याला मुजरा जरूर करावा, मात्र त्याला आपला मुक्तिदाता ठरवू नये.

तमिळ बोलीत मात्र धूर्त, जबर माणसाला 'एम्डन' म्हणण्याची रीत त्या रात्रीपासून रूढ झाली.