सावलीची नोंद कोण ठेवणार?

रोहिणी सरून मृग लागण्याच्या सुमारास, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेस, बारामती-इंदापूर भागातील कोणत्याही गावी पारावर किंवा सोसायटीच्या ओट्यावर जे बोलणे चालते, त्यात पंचांगाचा विषय हटकून निघतो. यंदा मृगाचे वाहन कोणते, कोल्हा की मोर, बेडूक की गाढव, आणि त्यावरून पाऊसमान कसे राहील, याचा ऊहापोह वडीलधारी मंडळी मोठ्या गांभीर्याने करीत असतात. अशा वेळी माळेगाव बुद्रुकच्या एखाद्या पोराने 'आजोबा, मृग लागला म्हणता, तर तो आभाळात आहे कुठे?' असे विचारले, तर उत्तर बहुधा मिळत नाही, आणि मिळालेच तर 'तुझ्या मास्तरांना विचार' एवढेच मिळते. प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. किंबहुना सूर्य डोक्यावर केव्हा येतो, उन्हाळा कशाने होतो, दिवसा चंद्र का दिसतो, विहिरीला एका बांधावर पाणी लागते आणि दुसऱ्या बांधावर का लागत नाही, हे सारे प्रश्न त्याच जातीचे असून, त्यांची उत्तरे गावाच्या शिवेबाहेर पाऊल न टाकता, डोळ्यांनी पाहून आणि हाताने मोजून मिळण्यासारखी आहेत. ती तशी मिळवण्याची सवय आपण लावून घेतली नाही, आणि शाळेनेही लावली नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रथम मृगाचेच पाहू. मृग लागला याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रापाशी आला. आणि ज्या नक्षत्रापाशी सूर्य असतो ते त्याच्याबरोबरच उगवते व मावळते, म्हणून ऐन मृगाच्या दिवसांत मृग दिसणे अशक्यच असते. तो पाहावयाचा तर पौष-माघात, रात्री आठ-नऊच्या सुमारास, थोडेसे दक्षिणेकडे मान करून पाहावा. ज्याला आपल्याकडील शेतकरी 'तिकांडे' म्हणतात ते एका ओळीतील तीन तारे आणि त्यांच्या खालच्या अंगाला लखलखणारा व्याध ही खूण एकदा पटली की पुन्हा विसरत नाही. सत्तावीस नक्षत्रांतून सूर्याची एक फेरी वर्षाने पुरी होते, एकेका नक्षत्री तो तेरा-चौदा दिवस राहतो, आणि पावसाची नक्षत्रे म्हणून ज्यांची नावे आपल्या तोंडी असतात ती म्हणजे वस्तुतः सूर्याच्या मुक्कामांची यादी होय.

परंतु येथेच दुसरा, अधिक खोल प्रश्न उभा राहतो: पाऊस नक्षत्रामुळे येतो काय? पाऊस येतो तो सूर्य उत्तरेकडे सरकल्याने, जमीन तापल्याने आणि समुद्रावरील वाऱ्यांनी दिशा बदलल्याने. तारे केवळ त्या वेळेचे साक्षीदार असतात, आणि साक्षीदारही कायमचे नव्हेत. पृथ्वीचा अक्ष, फिरता भोवरा डोलावा तसा, सुमारे २६,००० वर्षांत एक डोल पुरा करतो. त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रे यांचा सांधा दर ७२ वर्षांना सुमारे एका दिवसाने निखळत जातो. शिवकालात मृग आजच्या तारखांच्या हिशेबाने चार-पाच दिवस आधी लागत असे, आणि आणखी हजार वर्षांनी तो जवळजवळ दोन आठवडे उशिरा लागेल. पाऊस मात्र त्याची वाट पाहत थांबणार नाही. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सुरू होत असता मकरसंक्रांत आपण जानेवारीच्या १४-१५ तारखेस करतो, याचेही कारण हेच.

ही गोष्ट कोणा परकीयाने आपल्याला शिकवली असे नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत सिद्ध केली; शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी, ज्यांची उपजीविका शिक्षकाच्या नोकरीवर चालत होती, १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला; लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात संपातबिंदू मृगात होता त्या काळाचा माग काढून वेदांचे वय ठरवण्याचा यत्न केला; आणि मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९५७ च्या २२ मार्चपासून आपले राष्ट्रीय पंचांग ऋतूंना धरून सुरू झाले. पंचांग मानणारे हे विद्वान आकाशाकडे पाहून पंचांग दुरुस्त करणारेही होते. आपण त्यांपैकी पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला.

सूर्याविषयीच्या समजुती तर याहून ढोबळ आहेत. 'बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातील दोन्ही गोष्टी खोट्या आहेत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. आपली घड्याळे चालतात ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या वेळेवर; माळेगाव साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास आहे; आठ अंशांच्या अंतराला, अंशास चार मिनिटे या हिशेबाने, बत्तीस मिनिटे पडतात; म्हणून येथली खरी माध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबारानंतर लगेच, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजताच्या सुमारास होते, आणि वर्षातील एकाही दिवशी ती घड्याळाच्या बाराला होत नाही. १९०६ साली ही प्रमाणवेळ सरकारने लागू केली तेव्हा मुंबई शहराने ती मानण्यास नकार दिला आणि १९५५ पर्यंत आपली निराळी वेळ राखली, तो हट्ट सूर्याच्या बाजूने पाहता अगदीच निराधार नव्हता.

डोक्यावर येण्याची गोष्टही तशीच. माळेगावचा अक्षांश १८ अंशांहून किंचित अधिक असल्याने सूर्य बरोबर माथ्यावर येण्याचे योग वर्षातून दोनच: एक मेच्या १२-१३ तारखेच्या सुमारास आणि दुसरा जुलैच्या अगदी अखेरीस. सपाट अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवली आणि तिची दुपारची सर्वांत आखूड सावली मोजली, तर २१ डिसेंबरच्या आसपास ती सुमारे ८९ सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ३३ सेंटिमीटर होते, आणि मेच्या त्या दिवशी काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. याहून नवल म्हणजे, त्यानंतर ती पुन्हा दिसू लागते ती उलट्या अंगाला. एरवी वर्षभर उत्तरेकडे पडणारी सावली मे ते जुलै या अडीच महिन्यांत दक्षिणेकडे पडते; २१ जूनला ढगांनी सवड दिली, तर नऊ सेंटिमीटरांची ही दक्षिणमुखी सावली कोणासही पाहता येईल. त्याच शिवारात जन्म काढलेल्या किती जणांनी ती पाहिली असेल? आणि ज्याने ती पाहिली, त्याला ऋतू अक्षाच्या कलण्याने होतात हे निराळे पाठ करावे लागत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरांवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, जेव्हा नीराकाठी ऊसतोडणीच्या टोळ्या पहाटे शेकोट्या पेटवून बसलेल्या असतात. आणि सर्वांत दूर, १५ कोटी २१ लाख किलोमीटरांवर, जुलैत असते. उन्हाळा जवळिकीने होत असता तर हे अघटित ठरले असते.

आकाशाइतकेच पायाखालच्या भूमीविषयीही आपण उदासीन आहोत. या तालुक्यात विहीर खणताना वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मऊ मांजऱ्या, मग काळा कठीण पाषाण आणि मध्येच एखादा तांबडा गेरूचा पट्टा, हा क्रम खणणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. परंतु हे थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेल्या लाव्हारसाचे आहेत, आणि तांबडा पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधल्या अवकाशात झिजून माती झालेला जुना पृष्ठभाग होय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पाणी अखंड पाषाणात नसते. ते फटींत, झिजलेल्या थरात आणि दोन लोंढ्यांच्या सांध्यात असते. पाणाड्याचा नारळ जेथे उभा राहतो तेथे पाणी लागलेच तर ते या रचनेमुळे, आणि शेजारच्या दहा विहिरींच्या थरांची नोंद कोणी ठेवली असती तर नारळावर भिस्त ठेवण्याचे कारण उरले नसते. माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली, तेव्हा तिला फळझाडे लावण्यासाठी पाषाण फोडून खड्डे करावे लागले. त्या खड्ड्यांच्या भिंती म्हणजे भूगर्भशास्त्राचे उघडे पुस्तकच होते.

अज्ञानाची किंमत या खोऱ्याने एकदा रोख मोजलेली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील बारामतीच्या वाट्यास, ढग घाटावरच रिते होऊन आल्यामुळे, जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. ही तूट भरून काढण्यासाठी १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहता झाला, आणि काळ्या जमिनीला पाणी मिळाले तशी उसाची लागवडही वाढली. पण निचऱ्याचा विचार मागे राहिल्याने भूजल वर चढले, त्यातील क्षार पृष्ठभागापर्यंत आले, पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. जमिनी चिबड झाल्या, चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली होती. शतकाहून अधिक काळ लोटला. तरी पाणीपाळी आली की पाटाला लावायची आणि चर मात्र शेजाऱ्याने काढावा अशी अपेक्षा धरायची, ही रीत सर्वस्वी सुटलेली नाही.

तेव्हा उपाय काय? गावात नोंदी ठेवण्याची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. तलाठ्याच्या दप्तरात गुंठ्यागुंठ्याचा सातबारा आहे, फेरफार आहेत, पिकपाहणी आहे. पाटबंधारे खात्याकडे पाळीचा हिशेब आहे. कारखान्याच्या काट्यावर उसाची मोळीही वजनाविना जात नाही. जेथे पैशाचा वा हक्काचा संबंध येतो तेथे आपण नोंदीच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहोत. मग त्याच काटेकोरपणे प्रत्येक प्राथमिक शाळेत एक काठी रोवून तिच्या माध्यान्हीच्या सावलीची आठवड्यातून एकदा, शाळेजवळच्या विहिरीतील पाण्याच्या पातळीची महिन्यातून एकदा, आणि पावसाची रोजच्या रोज, अशी नोंद मुलांच्या हातून का होऊ नये? दहा वर्षांच्या अशा नोंदवहीतून गावाला कळेल की, येथला भरवशाचा पाऊस मृगाचा नसून बहुधा उत्तरा-हस्ताचा, परतीचा आहे. आणि वाहनाचा कोल्हा किती वेळा खरा ठरला व किती वेळा खोटा, याचा निवाडाही वाद न घालता होऊन जाईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही. त्यास उत्तर असे की, अक्षांश, रेखांश, ऋतू, भूजल हे सारे अभ्यासक्रमातच आहे, आणि आठवड्यातील दहा मिनिटांच्या मोजणीने जे पक्के होते ते घोकंपट्टीच्या तासांनी होत नाही. दुसरा, हे सारे आता मोबाईलवर आयते मिळते. मिळते खरे, परंतु आयत्या उत्तराने समाधान झालेला मनुष्य पुढला प्रश्न विचारीत नाही, आणि मोबाईलमधील हवामान खरे की खोटे हे पडताळण्याचे साधनही त्याच्यापाशी नसते. वाहन वाचून पेरणी करणारा आणि मोबाईल वाचून पेरणी करणारा, दोघेही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलेले असतात.

याला खर्च नाही, इमारत नको, परिपत्रकाची वाट पाहण्याचेही प्रयोजन नाही. काठी, ओळंबा, दोरी आणि एक शंभर पानी वही इतके साहित्य पुरे. अट एकच असावी, आणि ती सरकारी दप्तराकडूनच उसनी घ्यावी: चुकलेली नोंद खोडू नये, फाडू नये, तिच्याशेजारी दुरुस्ती लिहावी, आणि त्या दुरुस्तीखाली मुख्याध्यापकांची नव्हे, तर ज्याने पुन्हा मोजले त्या मुलाची सही घ्यावी.