परदेशातला पेला आणि आपली कुजबुज

गेल्या पंधरवड्यात एक निवृत्त बँक अधिकारी पत्नीला घेऊन तपासणीसाठी आले होते. युरोपची सहल ठरलेली. रक्तदाब, साखर, छातीचा आलेख, सारे पाहून झाले. वहिनी चिठ्ठी घेऊन कंपाउंडरकडे गेल्या, तेवढ्यात या गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सहलीत प्राग आहे. तिथली बिअर म्हणे जगात एक नंबर. एखादा ग्लास चालेल ना?" प्रश्न साधाच होता. आवाज मात्र असा, की जणू खोटे मेडिकल सर्टिफिकेट मागत आहेत.

अलीकडे हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि तो नेहमी दाराशी, पत्नी बाहेर गेल्यावर. म्हणून आज या कुजबुजीबद्दलच लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या शहरातल्या नामांकित मद्यगृहात जाऊन तास-दोन तास बसण्यात मला काही गैर दिसत नाही. चोरून पिण्यात मात्र जिवाला धोका आहे, आणि तो मी जवळून पाहिला आहे.

मी स्वतः 2019 साली प्रागला गेलो होतो. भाचा तिथे नोकरीला होता. दिवसा आम्ही 1410 सालचे ते प्रसिद्ध खगोलीय घड्याळ पाहिले, चार्ल्स पुलावरून फिरलो आणि संध्याकाळी 'उ फ्लेकू' या बिअरगृहात जाऊन बसलो. तिथे 1499 पासून बिअर बनते असे सांगतात. आपल्याकडे परमिट रूम म्हटले की काळोख, पडदे आणि दाराकडे पाठ करून बसलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. इथे लांबलचक लाकडी बाके, लख्ख उजेड, शेजारी आजी-आजोबा जेवताहेत. सिगारेटचा धूर नाही, कारण 2017 पासून त्या देशात खाणावळी व मद्यगृहांत धूम्रपानास बंदी आहे. 'सोनेरी वाघ' नावाच्या दुसऱ्या एका मद्यगृहात 1994 साली राष्ट्राध्यक्ष हावेल आपले पाहुणे बिल क्लिंटन यांना घेऊन गेले होते, आणि तिथे नेहमी बसणारे लेखक ह्राबाल यांच्याशी त्यांची भेट झाली. राष्ट्राध्यक्षाने पाहुण्याला जिथे उघडपणे न्यावे, अशी ही जागा.

मला तिथले सर्वांत आवडले ते हिशेबाचे तंत्र. वेटर प्रत्येक पेल्यामागे टेबलावरच्या कागदाच्या पट्टीवर एक रेघ ओढतो. किती झाले ते आपल्यालाही दिसते, समोरच्यालाही. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवायची. हे ठाऊक नसल्याने मला एक पेला जास्त आला, तो भाच्याने संपवला. असो.

आता थोडे गणित. चेक बिअरवर 10 किंवा 12 अंश लिहिलेले असते. ते मद्यार्काचे प्रमाण नव्हे. बिअर आंबवण्यापूर्वी त्या द्रवात माल्टची साखर वगैरे किती होती, त्याचे ते माप आहे. 12 अंशांच्या बिअरमध्ये मद्यार्क साधारण 5 टक्के असतो. पण पेला अर्ध्या लिटरचा! त्यात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क आला. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या 60 मिलीच्या मोठ्या पेगमध्येही जवळपास तेवढाच असतो. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" असे म्हणणाऱ्याने तीन पेले घेतले, म्हणजे तीन मोठे पेग घेतले. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावते. तेव्हा एका पेल्यालाच दोन-अडीच तास लागतात. त्या लाकडी बाकांवर माणसे इतका वेळ का बसून असतात आणि मधूनमधून का खातात, हे यावरून कळावे.

आपला पर्यटक असे करीत नाही. 2023 सालची गोष्ट सांगतो. माझे एक जुने रुग्ण, वय 61, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. सहलीत प्रागचा दिवस. किल्ल्याची चढण, दिवसभर पायपीट. साडेसहाला सगळ्यांना जेवायला बसवले. यांनी गोळी घेतली, पण भूक नव्हती म्हणून अर्धीच पोळी खाल्ली. मग "पाय मोकळे करून येतो" असे पत्नीला सांगून तिघा मित्रांबरोबर बाहेर पडले. लवकर परतायचे म्हणून तासाभरात तीन पेले. सोबत काही खाणे नाही. परतताना दगडी फरसबंदीवर त्यांचे पाय अडखळू लागले, दरदरून घाम सुटला, बोलणे असंबद्ध झाले. मित्र हसले, "चढली!" आणि वहिनींना कळू नये म्हणून त्यांना एका मित्राच्या खोलीत नेऊन झोपवले.

चढली नव्हती, किंवा नुसती चढली नव्हती. रक्तातील साखर उतरली होती. पोटात अन्न नसते तेव्हा यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडते आणि मेंदूचे काम चालू ठेवते. मद्यार्क यकृतात आला की हे काम मागे पडते. वरून गोळी साखर कमी करतेच आहे, दिवसभराच्या चालण्याने साठाही संपलेला. घाम, थरथर, बरळणे, झोकांड्या, ही साखर उतरल्याची लक्षणे आणि दारू चढल्याची लक्षणे शेजारी शेजारी ठेवली तर डॉक्टरही फसेल. फरक फक्त बोटातून थेंबभर रक्त काढून कळतो. आणि हा धोका पेला संपल्यावर संपत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहतो.

वहिनींना रात्री दोनला जाग आली. यजमान नाहीत. त्या एकेका खोलीवर जाऊन विचारू लागल्या. "मला खोलीचा नंबरसुद्धा कोणी सांगेना," असे त्या मला नंतर म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही कापत होता. शेवटी एकाने सांगितला. हे बिछान्यात घामाने चिंब, हाकेला उत्तर नाही. बाईंनी पर्समधले यंत्र काढले. साखर 38. बेशुद्ध माणसाच्या तोंडात त्यांनी काही घातले नाही, हे फार शहाणपणाचे केले. स्वागतकक्षाला रुग्णवाहिका बोलवायला लावली. तिथे त्यासाठी 155 हा क्रमांक आहे, आणि 112 सबंध युरोपात चालतो. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर गृहस्थ डोळे उघडून बोलू लागले. सकाळपर्यंत तसेच राहिले असते तर काय झाले असते, ते वाचकांना सांगायला नको.

त्या तिघा मित्रांना मी दोष देत नाही. त्यांनी मैत्रीच निभावली. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे आजही कागदोपत्री पिण्यासाठी परवाना लागतो. घरात विषय काढायचा नाही, बाहेर नाव घ्यायचे नाही, ही सवय घेऊन आपण विमानात बसतो. म्हणून घाईघाईने पितो, उपाशीपोटी पितो, गोळ्यांची यादी लपवतो.

नाइटक्लबांविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझा तिथला अनुभव अर्ध्या तासाचा आहे. भाच्याने चार्ल्स पुलाजवळच्या पाच मजली क्लबात नेले. पूर्वी त्या इमारतीत सार्वजनिक स्नानगृह होते. तरुणांना मजा येत होती, मलाही बघायला आली. पण आवाज 100 डेसिबलच्या घरात असेल तर कानाला पंधरा मिनिटेच सोसतो, असा कामगारांच्या आरोग्याचा दंडक आहे. स्पंजचे बूच खिशात ठेवा, आणि नाचायला उठताना पेला मागे सोडू नका.

एक ताकीद मात्र कडक शब्दांत देतो. अनोळखी टपरीवरची, सुटी, स्वस्त कडक दारू घेऊ नये. 2012 च्या सप्टेंबरात याच चेक देशात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तीसहून अधिक माणसे दगावली, आणि सरकारला 20 टक्क्यांवरील मद्याची विक्री देशभर थांबवावी लागली. आपल्याला 2015 चे मुंबईतील मालवणी प्रकरण आठवत असेलच. दारू घेतल्यावर दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुके आले तर ती उतार पडण्याची लक्षणे समजून झोपून राहू नये. लगेच इस्पितळ गाठावे.

बिअर आरोग्याला चांगली असते, असे मी कोणालाही सांगणार नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट म्हटले आहे. जो घेत नाही त्याने केवळ तिकिटाचे पैसे वसूल करायला सुरुवात करू नये. यकृताचा आजार असणाऱ्याने आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने तर नाहीच.

तर ते बँक अधिकारी. मी बेल दाबून वहिनींना आत बोलावले आणि प्रश्न त्यांच्यासमोर मोठ्याने पुन्हा वाचल्यासारखा सांगितला. गृहस्थ टेबलाकडे पाहत राहिले. त्यांना मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी आहे. मी म्हणालो, एक पेला, जेवणाबरोबर, दोघांनी एकत्र बसून. वहिनी जराशा हसल्या. "एवढंच होतं होय? मग मीही येणार. पण मी काय पिऊ तिथे?" मी त्यांना कोफोलाचे नाव लिहून दिले. तिकडचे कोलासारखे पेय आहे, बिअरसारखेच नळातून मोठ्या पेल्यात भरून देतात. त्यांनी ती चिठ्ठी औषधांच्या कागदाला टाचणी लावून पर्समध्ये ठेवली.