कॅमेरा आमचा, चित्र कोणाचे?

बडोद्यात मी चित्रपट दिग्दर्शित करतो आणि कॅमेराही स्वतःच चालवितो. नोकरी कोणाची नाही. कारखान्याचा माहितीपट, संस्थेचा महोत्सव, पडेल ते काम. अशाच एका संस्थेने माझा माहितीपट परस्पर कापला, नाव गाळले आणि पुन्हा दाखविला. वकिलांनी कायदा उघडला, तर तो तिच्याच बाजूचा!

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. मोबदला देऊन जो चित्रपट करवून घेतो, तो उलट करार नसल्यास पहिला मालक. हक्क 60 वर्षांचा. 2010 च्या दुरुस्ती-विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला सहकर्ता मानणारे कलम होते. 2012 साली कायदा झाला तेव्हा गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळाली, हे योग्यच. दिग्दर्शकाचे कलम मात्र गळाले. छायालेखकाला तर विधेयकातही जागा नव्हती.

येथल्याच कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके स्वतःच निर्माते होते, म्हणून त्यांना हा प्रश्न पडला नसावा. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्रा'चा कॅमेरा त्र्यंबक तेलंगांनी चालविला. ते नाव कितीजणांस आठवते?

पैसा निर्मात्याचा, म्हणून हक्क त्याचा, हे मोठ्या चित्रपटाला शोभेल. माझे यंत्र माझ्या कर्जाचे आहे आणि काम नसलेल्या महिन्यातही हप्ता चुकत नाही. उलट करार करावा म्हणाल, तर आधी कागद पुढे करणाऱ्याकडून गिऱ्हाईक उठून दुसऱ्याकडे जाते. निदान श्रेयनामावलीतले नाव करारावाचूनही टिकेल, एवढी तरतूद पुढील दुरुस्तीत यावी.