उखळ पाहावे परदेशी

परदेश पाहून आलेल्या माणसाच्या मी वाटेला जात नाही. पूर्वी काशीहून आलेला माणूस निदान थेंबभर गंगा तरी हातावर टेकवायचा. हे फोटो दाखवतात! आमचे साडूभाऊ मुलाकडे स्टॉकहोमला राहून आले, ते तिथली सगळी म्युझियमं फोनमध्ये भरूनच. आता अख्ख्या आमगावाची सुटका नाही.

त्यांत पहिला मान ‘वासा’ जहाजाला. १६२८ साली ते पहिल्याच सफरीला निघाले आणि दीड किलोमीटरही न जाता बंदरातच बुडाले. १९६१ साली ते वर काढले, १९९० साली त्याच्यासाठी खास संग्रहालय उघडले. आपल्याकडे एखादी योजना बुडाली, तर तिची फाइलसुद्धा वर येत नाही. तेव्हा इथवर मी मान डोलावली.

म्हटलं, “आणि आपलं गुंगेरिया?”

“ते कुठल्या देशात?”

आता काय बोलायचं! शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातलं गाव हे. १८७० साली तिथे गुरं राखणाऱ्या पोरांना तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले, हजारो वर्षांपूर्वीचे. त्यांतला काही ऐवज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे, बराचसा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

“लंडनला आहे होय? मग पुढच्या वर्षी बघतो,” साडूभाऊ म्हणाले.

नागपूर इथून रेल्वेने दीडशेक किलोमीटर. पण १८६३ सालच्या त्या संग्रहालयाला आपण नावच ठेवलंय ‘अजब बंगला’! म्हणजे पोराटोरांनी वाघ बघायचा, आणि मोठ्यांनी बाहेर भेळ खात थांबायचं.

खरं भांडण जुंपलं ते मात्र स्कान्सेनवरून. आर्टुर हॅझेलियस नावाच्या गृहस्थाने १८९१ साली उघडलेलं हे उघड्यावरचं संग्रहालय. स्वीडनभरातली जुनी घरं उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत, सुमारे १५०. “शेतकऱ्याचं घर जसंच्या तसं हो! चूल, भांडी, अवजारं!” सांगताना साडूभाऊंचा गळा दाटून आला.

आणि याच गृहस्थांनी घराची कवेलू उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा धानाची कोठी आणि नांगर बंबात घातला, बंडीच्या चाकांच्या लोखंडी धावा किलोवर विकल्या. आजीचं उखळ अंगणात पालथं पडलंय. त्यावर मोटारसायकल धुताना पाय ठेवतात. तेच उखळ स्वीडनमध्ये काचेआड असतं, तर त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला असता!

माझं मागणं फार नाही. आमगावात एक, फक्त एकच, कवेलूचं घर राखा. आत कोठी, उखळ-मुसळ, सूप, नांगर आणि बाहेर एक बंडी. वापर सांगायला म्हाताऱ्या बायका आहेत, अजून. परवा हे साडूभाऊंना सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, “तिकीट किती ठेवायचं?” म्हटलं, गाववाल्यांना फुकट. स्टॉकहोमहून येणाऱ्यांना दुप्पट.