राजुऱ्याला परत येणारी पदवी

बारावीचा निकाल लागला की आपल्यापैकी अनेकांचे फोन वाजू लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा, गडचांदूर, जिवती इथले पालक विचारतात, "मुलीला सायकॉलॉजी घ्यायची आहे, कुठे ॲडमिशन घेऊ?" आपण एखाद्या महाविद्यालयाचे नाव सांगतो आणि कामाला लागतो. समुपदेशक, प्राध्यापक आणि मानसोपचारात काम करणाऱ्या आमच्या सर्व वाचकांना विनंती आहे, की यंदा नाव सांगण्याआधी तिला पुढची सगळी वाट समजावून सांगा.

बी.ए., एम.ए. झाले की रुग्णांवर उपचार करता येतील, असे घरोघरी समजले जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., त्यात ज्येष्ठांच्या देखरेखीखालचे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता मागतो, किंवा परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेची क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केली आणि यूजीसीने या विषयासाठी 2025-26 पर्यंत मुदत वाढवली. आज प्रथम वर्षाला बसणाऱ्या मुलीसाठी पाच वर्षांनी प्रवेशाचे नियम वेगळे असतील. परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी दरवर्षी पाहून तिला सांगणे हे आपले काम आहे. पाच वर्षांनी तिच्या वाट्याला येणारी निराशा आज दहा मिनिटांच्या बोलण्याने टळू शकते.

दुसरी गोष्ट दूरशिक्षणाची. घर सोडता न येणाऱ्या मुलींना हाच आधार होता. 2025-26 च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. प्रत्यक्ष सरावाशिवाय हे शास्त्र शिकता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यामुळे जवळच्या महाविद्यालयाची जबाबदारी वाढली. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांना नागपूरऐवजी गडचिरोलीचे विद्यापीठ मिळाले. प्रवेश घेण्यापूर्वी तिला त्या महाविद्यालयात जाऊन विचारायला लावा: प्रात्यक्षिके खरोखर होतात का? चाचण्यांचे संच वापरात आहेत की कपाटात बंद? शिक्षक पूर्णवेळ आहेत की सगळा विभाग तासिका तत्त्वावर चालतो? अशी चौकशी करायला संकोच वाटू नये, म्हणून आपल्यापैकी कुणी तिच्यासोबत जावे.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 नुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. राजुऱ्यात ही दरी भाषेचीही आहे. इथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगू बोलली जाते. वाघाच्या हल्ल्यांचेच पाहा. ऑक्टोबर 2020 मध्ये आरटी-1 नावाचा वाघ जेरबंद झाला, तोवर या जंगलपट्ट्यात आठ जणांचा बळी गेला होता. नुकसानभरपाईचा अर्ज मराठीत भरता येतो. पण धन्यासाठीचे रडणे बाई आपल्याच भाषेत रडते. शेत पुन्हा त्याच जंगलाला लागून, आणि रात्री झोप नाही. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी मानसशास्त्राची पदवीधर मुलगी याच तालुक्यातून यायला हवी. सास्तीच्या कोळसा खाणीत आणि गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगारही तिचीच वाट पाहतो आहे. कोलामी जाणणाऱ्या मुलीला सांगा, की तिची भाषा ही तिच्या व्यवसायाची पुंजी आहे. पुण्या-मुंबईला शिकायला गेली, तरी तिने ती जपावी.

ती परतावी असे वाटत असेल तर इथे तिला काम शिकवणारे कुणी असले पाहिजे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काम पाहायला मिळावे म्हणून तिची शिफारस करा. रुग्णाची संमती घेऊन आणि गोपनीयता सांभाळून तिला जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य पथकासोबत काही दिवस बसू द्या. आमच्या प्रत्येक वाचकाने यंदा अशी एक विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी आपल्या हाताखाली घ्यावा. आपल्यालाही कुणी तरी असेच शेजारी बसवून, रुग्णाचे ऐकायला शिकवले होते.